आधी कंदील

५ फेब्रुवारी २०२५
नॉर्वे, अगदी वरचं टोक

बाबा,

पाकीट बघून तुम्ही आधी तिकिटाकडे बघाल, मग चष्मा शोधाल, मग आईला हाक माराल. आईला हाक मारू नका. एकट्याने वाचा. मी जिवंत आहे, दोन्ही हातांना पाच-पाच बोटं आहेत, फक्त त्यातलं एकही आत्ता मला जाणवत नाही.

फोन का केला नाही, तर तुमचा नंबर मी ब्लॉक केलाय हे तुम्हाला माहीत आहे. सहा वर्षं झाली. काढायचा तर एक बटण दाबायचं. पण मग तुमचा आवाज ऐकावा लागेल, आणि त्याची तयारी अजून नाही. कागद बरा. कागद उलट बोलत नाही.

खरं सांगते, घाबरलेय म्हणून लिहितेय. आईला लिहिलं तर ती देवीला नवस बोलून मोकळी होईल आणि गावभर करेल. तुम्ही कोणाला सांगणार नाही. तुम्हाला गप्प बसता येतं, ते मी बघितलंय.

या जहाजावर मी डेक कॅडेट आहे, म्हणजे शिकाऊ, म्हणजे सगळ्यांची हमाल. बावीस माणसं, त्यात मी एकटी मुलगी. चार दिवस लाकूड भरतोय. झाडांचे अख्खे ओंडके, सालीसकट, सालीवर बर्फ. क्रेन एकेक मोळी उचलते आणि जहाजाच्या पोटात सोडते, तेव्हा पायाखालचं लोखंड धडधडतं. हे सगळं लाकूड मुंबईला जाणार. म्हणजे मी हळूहळू तुमच्याच दिशेने येतेय. त्यात माझा काही हात नाही.

इथला समुद्र काळा आहे. आपल्या खाडीसारखा चिखलाचा काळा नव्हे, तळ नसल्यासारखा. डोंगर सरळ पाण्यात उतरतात. किनारा नाही, चिखल नाही, तिवरं नाहीत, पकडायला काही नाही. सूर्य नऊला येतो नि तीनला जातो, आणि असतो तेव्हाही आजारी माणसासारखा पडून असतो. काल डेकवरचा बर्फ फोडताना माझा पाय सरकला आणि कठड्यापर्यंत गेले. बोसनने मानेला धरून मागे ओढलं. बोसन म्हणजे डेकच्या माणसांचा मुकादम, शहाजी नाव, साताऱ्याकडचा माणदेशी. म्हणाला, "पोरी, ह्या पान्यात पडलीस तर तीन मिंटं. चौथ्या मिंटाला आमी फकस्त फुलं टाकायची."

रात्रभर हसायला आलं आणि रडायला पण. बस, एवढंच.

जागृती


१४ फेब्रुवारी
बिस्केचा उपसागर

बाबा,

हे लिहिताना टेबलाच्या पायाला पाय अडकवून बसलेय. जहाज एकदा डावीकडे झोपतं, एकदा उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी वाटतं की आता काही उठत नाही. पाणी राखाडी, आभाळ राखाडी, मधली रेघच गेलीय. दोन दिवस पोटात काही टिकलेलं नाही. आमचा कुक शिवराम, गुहागरचा, पेज करून खोलीच्या दाराशी ठेवतो आणि ओरडतो, "गो कॅडेट, मेलीस की हायस?"

मोठ्या लाटांची भीती मला वाटेल असं वाटलं होतं. वाटते. पण खरी भीती दुसरीच बसलीय पोटात, आणि ती तुम्हालाच सांगता येईल.

परवा वादळाच्या आधी मेसमध्ये गप्पा चालल्या होत्या. लाकूड बंद होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या कोठीत, राहिलं की आतली हवा खाऊन टाकतं, हे आम्हाला वर्गात शिकवलंय. झाडाची साल कुजते, आणि कुजायला प्राणवायू लागतो. होल्ड बाहेरून साधाच दिसतो, पण आत उतरलेला माणूस दोन श्वासांत पडतो. मी हे पोपटासारखं बोलून दाखवलं. शहाजी बोसन म्हणाला, "ह्यात शिकायसारकं काय हाय? आमच्याकडं जुन्या इहिरीत कंदील सोडल्याबगर कुत्रं सुदीक उतरत न्हाई. कंदील इझला की माघारी."

मी ताट तसंच टाकून उठले. त्याला वाटलं, बोट लागली.

बाबा, आपण दोघं यावर कधी बोललोच नाही. मीच बोलले, तुम्ही ऐकलंत. आज मी लिहून काढते, म्हणजे माझ्या डोक्यात काय आहे ते तरी तुम्हाला कळेल.

मे २०१९. पाण्याची बोंब होती, टँकर दोन दिवसांनी यायचा. आपल्या खोल्यांमागची बाव वर्षानुवर्षं लाद्या टाकून बंद होती. ती विहीर उघडून गाळ काढायचं ठरलं. दादूसने, मिथुनने, पुढाकार घेतला. त्याने ती नवी बॅटरीची बत्ती सुतळीला बांधून खाली सोडली. लख्ख उजेड पडला, तळाचं पाणी दिसलं. "विझली नाय, हवा हाय," म्हणाला, आणि दोर धरून उतरला. बत्ती विझणारच नव्हती. बॅटरीला काय नाक असतं? पण तेव्हा हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. दिवा सोडायचा एवढं सगळ्यांना आठवत होतं. का सोडायचा ते विसरले होते.

तो अर्ध्यावर गेला आणि त्याचे हात सुटले. आवाज मला अजून ऐकू येतो. सितारामकाका दोर धरून उतरायला धावला, दोन भाडेकरू पोरं धावली. आणि तुम्ही काय केलंत? कंदील पेटवत बसलात. तुमचा मुलगा खाली पडलाय आणि तुम्ही काडी ओढताय! कंदील सोडलात, तो विझला, आणि मग तुम्ही बावीवर आडवे पडलात. काकाला लाथ मारलीत. आई तुमच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. बंब यायला चाळीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटं तुम्ही हलला नाहीत.

मी सोळा वर्षांची होते. मी म्हणाले होते, "तू बाप नाहीस, दगड आहेस." पुढे सहा वर्षं त्यात एक अक्षर बदललं नाही.

आता वर्गात शिकल्यावर कळतंय की काका उतरला असता तर तोही मेला असता. पुस्तकात हेच लिहिलंय, पहिल्या पानावर: मागून उतरू नका. परीक्षेत मला या प्रश्नाला पैकीच्या पैकी पडले. घरी येऊन तुम्हाला सांगितलं नाही.

लाट आली. बाकीचं नंतर.

जा.


१९ फेब्रुवारी
लास पालमास, कॅनरी बेटं

बाबा,

स्वेटर काढला! इथे तेल घ्यायला थांबलोय. डोंगर तपकिरी, उघडेबोडके, जळलेल्या भाकरीसारखे. त्यांच्या पायथ्याशी गुलाबी-पिवळी घरं आणि केळी. आफ्रिकेच्या वाळवंटातली धूळ वाऱ्याबरोबर येते, डेकवर तांबडा थर बसतो. बोटाने त्यावर "घणसोली" लिहिलं. लाल समुद्रात जहाजांवर गोळीबार होतो म्हणून त्या वाटेने जायचं नाही, पूर्ण आफ्रिकेला वळसा घालून येणार. मला बरंच वाटलं. घर जेवढं लांब तेवढं बरं.

पण ऊन लागायला लागल्यापासून वास सुटलाय. उत्तरेत राळेचा वास होता, देवळातल्या धुपासारखा. आता आंबूस येतो. दोन नंबरच्या होल्डला डेकवर एक गोल झाकण आहे, माणूस उतरेल एवढं, खाली उभी शिडी. त्याच्या जवळून जाताना मी श्वास धरते. हसू नका.

तिथेच अडचण झालीय. दोन नंबरच्या तळाला पाणी साचतंय, आणि पंप ओढत नाही. साल जाळीत अडकली असणार. चीफ मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालचा साहेब, म्हणतो की कोणीतरी शिडीने उतरून जाळी मोकळी करायला लागेल. डर्बनच्या आधी.

हवा मोजायला एक मीटर आहे. चांगली हवा असेल तर २०.९ दाखवतो. परवा मी तो साफ करत होते. सहज तोंडाजवळ धरून त्याच्यावर जोरात फुंकर मारली. माणसाच्या उच्छ्वासात प्राणवायू कमी असतो, आकडा उतरायला हवा. उतरला नाही. २०.९. पिशवीत घालून फुंकलं. २०.९. मीटर मेलाय, बाबा. उजेड दाखवतोय नुसता.

चीफ मेटला सांगितलं. त्याने मीटरचं सर्टिफिकेट काढून दाखवलं, डिसेंबरपर्यंत व्हॅलिड. म्हणाला, "मिस, तुम्ही शिकायला आला आहात की शिकवायला?" सगळे हसले. मी पण हसले. काय करणार?

ही तिन्ही पत्रं आता पेटीत टाकते. पहिलं तिथे टाकायचं राहिलंच होतं.

जागृती


२५ फेब्रुवारी
विषुववृत्ताजवळ

बाबा,

इथे वाराच नाही. समुद्र तेल ओतल्यासारखा. लांबवर पावसाचे खांब उभे आहेत, एक इथे, एक तिथे, आणि मधे ऊन. उडणारे मासे डेकवर येऊन पडतात, शिवराम ते तळतो. दुपारी लोखंडावर पाय ठेववत नाही. तीन आठवड्यांपूर्वी याच लोखंडाला माझा हातमोजा गोठून चिकटला होता.

उष्णतेने होल्ड जागा झालाय. झाकणाच्या फटीतून आंबलेल्या ताकाचा वास येतो.

आज मी एक गोष्ट केली. कोणाला सांगितलेली नाही आणि सांगणार पण नाही. शिवरामकडून डोक्याला लावायला म्हणून तेल मागून घेतलं. स्टीलची वाटी, कापसाची वात, वाटी एका डब्यात, डब्याला सुतळी. सगळे जेवायला गेल्यावर दोन नंबरचं झाकण उघडलं, तोंड बाजूला धरलं, आणि दिवा खाली सोडला.

शिडीच्या चार पायऱ्या खाली गेला आणि विझला. वारा नव्हता. फडफडला पण नाही. कोणीतरी चिमटीत धरावा तसा गेला.

पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा तिथेच.

झाकण बंद केलं आणि त्याच्याच शेजारी बसून राहिले. बाबा, मला तुमचे हात दिसत होते, काडी ओढणारे. आणि मग दुसरंच काही आठवलं, जे सहा वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. तुम्ही कंदील आणायला घरात गेला नव्हतात. तो तुमच्या हातातच होता. दादूस उतरला तेव्हा पण. मग आधी का नाही सोडलात? हे मी कधी विचारलंच नाही. विचारते. उत्तर द्या नाहीतर देऊ नका.

आता मला सांगायला हवं, हो ना? पण लाकूड भरलेल्या जहाजावर डेकवर उघडी ज्योत! कळलं तर डर्बनला सामानासकट उतरवतील. माझा रेकॉर्ड खराब, पुढचं जहाज नाही. आणि मग घणसोलीला, खालच्या खोलीत, तुमच्या समोर. मी उद्या मीटरबद्दलच पुन्हा बोलेन. ज्योतीचं नको.

भीती वाटतेय. लाटांची नाही. माझीच.


२८ फेब्रुवारी

शहाजी बोसन गेला.

सकाळी दहाला चीफ मेटने मीटर सुतळीने खाली सोडला, वर ओढला, २०.९. मी बोसनला म्हणाले, "काका, नका उतरू, मीटरचं काही खरं नाही." तो म्हणाला, "आगं, वीस-नऊ म्हणतंय की. पाच मिंटाचं काम." मी तोंड उघडलं. चीफ मेट माझ्याकडे बघत होता. मी मिटलं.

त्याला "दिवा विझला" एवढे दोनच शब्द सांगायचे होते, बाबा. तो माणदेशी माणूस. मीटरवर त्याने विश्वास ठेवला, कारण साहेबाचा होता. दिव्यावर त्याने बापासारखा ठेवला असता. लगेच पाय वर घेतला असता.

सात पायऱ्या उतरला. आठव्या पायरीवर मान वर करून माझ्याकडे बघितलं, काहीतरी विचारायचं असल्यासारखं, आणि हात सुटले. तोच आवाज.

शिवराम कुठून धावत आला कळलं नाही, हातात पीठ. दोघं वीस वर्षं बरोबर जहाजं करत होते. तो थेट शिडीवर पाय टाकायला गेला. मी त्याला ढकललं आणि त्या भोकावर आडवी पडले. पोटावर. दोन्ही हातांनी झाकणाची कड धरून. त्याने माझी वेणी धरून ओढली, पाठीवर गुडघा घातला. "सोड गो! माझा माणूस आहे खाली! दगड आहेस का तू?"

बाबा, तू कसा रे चाळीस मिनिटं पडून राहिलास? पाठीवरच्या हवेच्या टाक्या घालून दोन माणसं यायला अकरा मिनिटं लागली. मला अकरा काढवत नव्हती. खालून काही आवाज येत नव्हता. आला असता तर मी उठले असते, उतरले असते. तुला येत होता का आवाज?

त्याला वर काढलं तेव्हा चेहऱ्यावर झाडाची साल चिकटली होती. शिवरामने ती एकेक काढली.


१२ मार्च
डर्बन

बाबा,

मधे आफ्रिकेच्या खालच्या टोकाला, केपला, पुन्हा थंडी लागली. मोठे पांढरे पक्षी पंख न हलवता तीन दिवस आमच्या मागे होते. कोणी डेकवर मोठ्याने बोलत नव्हतं. बोसन खाली भाज्यांच्या थंड खोलीत होता, आणि शिवराम भाजी आणायला दुसऱ्या कोणाला पाठवायचा.

इथे बंदर हिरवं आहे, उकडतं, खाडीत तिवरं आहेत. तिवरं बघून मला रडू आलं. बोसनला विमानाने घरी पाठवलं. चौकशीवाले आले. प्रत्येकाला एकेक बोलावलं. मला विचारलं, "होल्डमधली हवा खराब असेल असं समजायला तुमच्याकडे आधी काही कारण होतं?"

मी म्हणाले, "मीटरबद्दल शंका होती, ती मी सांगितली होती." त्यांनी लिहून घेतलं. म्हणाले, कॅडेटने चांगलं काम केलं, निदान एक जीव वाचवला. चीफ मेटला घरी पाठवलं, त्याच्या जागी दुसरा आला. सगळा दोष त्याच्या नावावर बसला. बराचसा त्याचा आहेच. सगळा नाही.

माझ्याशी शिवराम बोलत नाही. ताट मात्र दाराशी ठेवतो. ओरडत नाही.

मुंबईत उरलेली चौकशी आहे, परत जबाब होणार. ज्योतीचं कोणालाच माहीत नाही. तो डबा मी केपला समुद्रात टाकला. माहीत आहे ते फक्त तुम्हाला. हे पाकीट एजंट कुरिअरने पाठवतोय. वाचून जाळून टाका. किंवा ठेवा. मला काही कळेनासं झालंय. झोपले की मी कोणाच्या तरी पाठीवर बुक्क्या मारत असते, आणि पाठ माझीच असते.

जागृती


घनसोली गाव
१९ मार्च २०२५

जागृतीस,

दुसऱ्याकडना लिवून घेनार होतो, पन ह्या दुसऱ्याला सांगायचा नाय. मना जमल तसा लिवतो. कंपनीच्या बेलापूरच्या हापिसान जाऊन देतो, ते फोटू काडून तुज्या जाजावर धारतील बोलले.

पयली पत्रां आयली तवा मी आयेला हाक मारली. तू नको बोललीस तरी मारली. चष्मा गावत नव्हता.

तुना इचारलास, कंदील आधी का नाय सोडला. सा वरसां मी वाट बगत होतो कोन इचारल. कोनी इचारला नाय. समदी बोलली, बावीवर का पडलास.

कंदील माज्या हातान होता, ह्या खरा. तेल भरून, काच पुसून आनला होता. मिथुननी बत्ती सोडली. बत्ती इझनार नाय ह्या मना ठाव होता. माज्या बापानी शिकवला होता, जालाचा दिवा पायजे, उजेडाचा नको. मी बोलायला गेलो. मिथुन हसला, बोलला, "बाबा, तुजा कंदील आता गनपतीला आराशीत ठेव." भारेकरू पोरा बी हसली. मना लाज वाटली. मी कंदील पाठीमागं धरला. येवराच झाला. येवऱ्यासाठी माजा पोर गेला.

बावीवर परलो त्याचा मना दुक नाय. त्या बरोबर होता. सिताराम गेला असता, ती पोरा गेली असती. तू बी बरोबर परलीस. आवाज येत होता का इचारलास. नाय येत होता. मी पन कान लावून होतो.

दुक त्याच्या आधीचा हाय. मी बोललो नाय त्याचा. तू मना दगड बोललीस, आये बोलली, मी ऐकून घेतला. मना बरा वाटायचा. खरा गुना कोनाला दिसत नाय तवर दुसऱ्या गुन्याची शिक्षा भोगायची. सा वरसां तसा काडली.

काल आयेला सांगला. तुजा पत्र वाचला, आनि मंग माजा सांगला. ती उठून गेली. मी उंबऱ्यावर बसून होतो. सांजच्याला माल्यावरना कंदील काडून, राखेनी घासून, माज्या पुरयात ठेवला. बोलली, जेव.

तू सा वरसां नको काडू. त्या शिवरामला पयला सांग. सायबांना मंग.

पत्र जालला नाय.

धर्मराज


२७ मार्च
मुंबईबाहेर नांगरावर

बाबा,

समुद्र सपाट, पाणी पुन्हा आपल्या रंगाचं. धुरकटात उरणचा डोंगर दिसतोय. त्याच्या मागे खाडी, खाडीच्या वर तुम्ही. पन्नास दिवसांत बर्फापासून इथपर्यंत आले, पण मेसमधून गॅलीपर्यंतची, म्हणजे शिवरामच्या स्वयंपाकघरापर्यंतची, वीस पावलं चालायला मला आठवडा लागला.

तुझं पत्र कॅप्टनने छापून दिलं. चार घड्या घालून खिशात ठेवलं. रोज ठरवायचे आणि रोज पाय मागे यायचे. आज दुपारी गेले. शिवराम बटाटे सोलत होता. मी उभ्यानेच सांगितलं. तेल कशाला मागितलं होतं ते. चार पायऱ्यांवर दिवा विझला ते. दोनदा. मी गप्प बसले ते, आणि का बसले ते पण.

तो सोलत राहिला. एक बटाटा पूर्ण झाला, दुसरा घेतला. मग म्हणाला, "हे शहाजीला सांगितलं असतंस तर तो उतरला नसता."

मी म्हणाले, "हो."

"नक्की नसता उतरला."

"हो, काका."

तो सुरी खाली ठेवून माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता मारेल. मारावं असं पण वाटलं. त्याने खण उघडला, दुसरी सुरी काढली, माझ्या बाजूला सरकवली. आम्ही बावीस माणसांचे बटाटे सोलले. आता एकवीस आहोत, पण त्याच्या हाताला बाविसाची सवय आहे. शेवटी तो म्हणाला, "त्याच्या बायकोला मी सांगणार नाही. ते तुझं तू." मी बरं म्हणाले. ते अजून व्हायचं आहे, आणि त्याची भीती या सगळ्या समुद्रांपेक्षा मोठी आहे.

मग वर जाऊन कॅप्टनला सांगितलं. त्याने सगळं लिहून घेतलं, माझी सही घेतली. उद्या चौकशीवाले बोटीने येतील, त्यांच्या पुढ्यात पुन्हा. जहाजाची नोकरी बहुतेक गेली. 

तुझा नंबर मोकळा केला. पण आत्ता फोन करू नकोस, मला बोलता येणार नाही. परवा मी उतरेन, दुपारी, बंदराच्या गेटवर. आईला घेऊन ये. येताना कंदील आणू नकोस, बंदरात उघडी ज्योत चालत नाही. नुसता ये.

जागृती